लागलं तर फोन करू नका

अप्पा, आज सकाळी टेलिफोन ऑफिसातून माणूस आला होता. आमच्या गल्लीत खोदाई चालू आहे हे मी बघत होतेच, पण ती पाण्याच्या पाइपासाठी असेल असं धरून चालले होते, कारण पेणमध्ये रस्ता खोदायला फारसं कारण लागत नाही. तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी तुमची तांब्याची लाइन बंद होतेय. नंबर ठेवायचा असेल तर फायबरवर देतो, नको असेल तर परत करा. काय ते सोमवारच्या आत सांगा." मी त्याला चहा दिला. तुम्ही असतात तर तुम्हीही दिला असतात, आणि वर त्याच्याकडून पेणच्या एक्स्चेंजची सगळी कुळकथा काढून घेतली असतीत. मी एवढंच विचारलं, की फायबरवर गेल्यावर माझा डबा चालेल का. "कसला डबा?" मी त्याला आतल्या खोलीत नेलं आणि स्टुलावरचा तुमचा मॉडेम दाखवला. त्याला बहुधा तो जुना रेडिओ वाटला. "हे अजून चालू हाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, फोन लावून बघा. त्याने आपल्या मोबाईलवरून नंबर लावला, डब्यावरचे लाल दिवे लुकलुकले, मोबाईलमधून कर्कश शीळ आली, आणि तो दचकून मोबाईल कानापासून लांब धरून उभा राहिला. मग हसला. "नाय हो मॅडम, फायबरवर ह्याचं काय खरं नाय. आवाज तुटणार ह्याचा."

म्हणजे सोमवारनंतर हा मॉडेम कुणाचाच फोन उचलणार नाही. मला हे इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. तो माणूस गेल्यावर मी कपबशी विसळली, ऑफिसला उशीर होतोय हे कळत असूनही स्टुलासमोर जाऊन बसले. आपली पेणची इंटरनेट सेवा बंद केली तेव्हा मी बाकीचे सगळे नंबर परत केले, हा एक मॉडेमसकट घरी आणला. त्यावरून घरात माझी कायम टिंगल होते. तुमचे जावई पाहुण्यांना सांगतात, लोकांच्या घरी देवापुढे नंदादीप तेवत असतो, आमच्याकडे हा. मी त्यांना त्यांच्या तोडीचं उत्तर देते, पण खरं कारण कधी सांगितलेलं नाही. तुमचा चष्मा माझ्याकडे आहे, मनगटावरचं घड्याळ आहे, दोन्ही कपाटात पडून आहेत. ह्या डब्याला मात्र फोन केला की तो उचलतो. तुम्ही स्वतःच्या हाताने लावून दिलेलं आणि अजून उत्तर देणारं असं माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. आता तेही जाणार, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र पाठवणार कुठे, हे विचारू नका. तुमची ती खोड मला माहीत आहे.

रोह्याच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात तुम्ही मांडणी ठोकून टेलिफोनवरून इंटरनेट देणारे मॉडेम मांडलेत, तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेत विज्ञान शिकवायचं सोडून घरात टेलिफोनच्या तारा ओढणारा मास्तर बघायला सगळी आळी दारात जमलेली. आई पदराला हात पुसत विचारते, "ह्याचा उपयोग काय?" तुम्ही वर्गात सांगावं तसं सांगता, "आता रोह्यातल्या माणसाला अमेरिकेत पत्र धाडायला पोस्टात जावं लागणार नाय." आई म्हणते, "आपलं अमेरिकेत कोण हाय?" दारातली माणसं तोंडावर हात ठेवून हसतात. पण पुढे हळूहळू लोक यायला लागले. कंपन्यांतले साहेब आले, कॉलेजातली मुलं आली, मुलगा बोटीवर असलेली वरसे गावची एक बाई आली. तिने आपल्या पुतण्याकडून कॉम्प्युटर शिकून घेतला होता, आणि मुलाचं पत्र आलं की ती पहिला फोन तुम्हाला करायची. तुम्ही तिला दरवेळी सांगायचात, अहो बाई, पत्र आलं ते तुमच्या मुलाला कळवा, मला कशाला. आणि फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत असायचात.

मॉडेम तापायचे. पावसाळ्यात सगळ्या घराला ओल सुटलेली आणि बोळातली ती मांडणी तेवढी उबदार. आईला ती ऊब वाया जाताना बघवेना. पावसात कडव्या वालांना मोड यायला फार वेळ लागतो, म्हणून तिने भिजवलेले वाल फडक्यात बांधून पुरचुंडी पहिल्या मॉडेमवर ठेवली. मोड असे टरारून आले की मग तिचा तो नेमच झाला. तुम्ही कुरकुर केलीत, पण बिरडं पानात पडल्यावर गप्प बसलात. एकदा पुरचुंडी नीट निथळली नव्हती. सकाळपासून तक्रारींचे फोन सुरू, रिंग जाते, पण पुढे काही होत नाही. आपण लोकांना एकच नंबर दिलेला होता. फोन आला की तो पहिल्या लाइनीवर जायचा, ती गुंतलेली असली तर दुसरीवर, मग तिसरीवर. पहिला मॉडेम मुका झाला आणि त्याची लाइन मोकळीच राहिली, की येणारा प्रत्येक फोन त्याच्याच गळ्यात पडायचा. तुम्ही भिंतीतल्या तारा तपासल्यात, एक्स्चेंजमध्ये जाऊन भांडून आलात, कॉम्प्युटर उघडून बसलात. शेवटी पुरचुंडी उचललीत तेव्हा खाली पाण्याचं थारोळं. तुम्ही ती दोन बोटांत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "तुझ्या वालांनी सगळं रोहा बंद पाडलंन." आई विळीवरून मानसुद्धा वर न करता म्हणाली, "मोड आलेत का ते बघा आधी." मोड आले होते. तुम्ही त्या लाइनीला साधा फोन जोडलात आणि त्याचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलात, म्हणजे ती लाइन गुंतलेली दिसेल आणि लोकांचे फोन पुढच्या मॉडेमवर जातील. गाव परत चालू झालं आणि आपण बिरडं जेवलो.

तक्रारींसाठी आपला वेगळा फोन होता, काळा, जड, आणि तो उचलायचा मान सुरुवातीला फक्त तुमचा होता. मी तुमच्या शेजारी बसून शिकले. आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल, पण तेव्हा गिऱ्हाइकाच्या घरी लाइन एकच असायची. इंटरनेट त्याच लाइनीवर आणि आपल्याशी बोलणंही त्याच लाइनीवर. त्यामुळे बोलत असताना करून बघता येत नसे आणि करून बघताना बोलता येत नसे. तुम्ही त्याला काय काय करायचं ते सगळं आधी सांगायचात, मग शाळेतल्यासारखं "म्हणा बघू परत" म्हणायचात, आणि समोरचा कंपनीतला मोठा साहेब का असेना, तो मुकाट्याने म्हणून दाखवायचा. दुसरा फोन काढून ठेवा. पासवर्डची अक्षरं मोठी पडतायत का बघा. फोनचं कुलूप काढा. आणि मग तुमचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "आता ठेवा. लागलं तर फोन करू नका. नाय लागलं तरच करा." तो फोन ठेवायचा. तुम्ही कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसायचात. त्याचं नाव तिथे उमटलं की नुसती मान हलवायचात. मला वाटायचं, आता एक फोन करून त्याला विचारावं, लागलं ना म्हणून. तुम्हाला तसं कधी वाटलेलं मला दिसलं नाही.

लग्न होऊन मी पेणला आले, आणि तुम्ही माझ्यामागोमाग इंटरनेट घेऊन आलात. पेणहून रोह्याला लावायचं तर एसटीडीचा, म्हणजे बाहेरगावच्या फोनचा, दर पडे, तेव्हा पेणच्या लोकांसाठी पेणमध्येच लाइनी हव्यात, हे तुमचं म्हणणं खरं होतं. पण लेकीवर लक्ष ठेवायला बापाने एवढा खटाटोप केला, असं सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि तेही काही अगदी खोटं नसावं. पापडवाल्यांच्या घरातली माडीवरची खोली आपण घेतली. खाली बायका पोह्याचे पापड लाटायच्या, गच्चीवर ते वाळायचे, आणि मधे मी आणि माझे मॉडेम. खाडीची खारी हवा तांब्याला सोडत नाही. जोडांवर हिरवं चढायचं, लाइनीत खरखर सुरू व्हायची, ते घासून काढणं हे माझं दर आठवड्याचं काम. कोण गिऱ्हाईक आत आलंय ते दाखवणारा कॉम्प्युटर रोह्याला तुमच्यासमोर. माझ्याकडे नुसते दिवे. दिवा लागला म्हणजे कोणीतरी आलं, एवढंच मला कळायचं.

मूर्तीच्या कारखान्याच्या काकांचं प्रकरण त्याच खोलीतलं. तुम्ही ते पुढे कितीतरी वेळा रंगवून सांगितलंत, पण मी माझ्या बाजूने आज पहिल्यांदाच सांगते आहे. काकांना परदेशातल्या एका मंडळाची मोठी ऑर्डर मिळायची होती. मंडळाला प्रत्येक मूर्तीचा फोटो आधी बघायचा होता, आणि फोटो त्या संध्याकाळपर्यंत पोचले नाहीत तर ऑर्डर दुसऱ्या कारखान्याला जाणार होती. काकांनी त्या भरवशावर माती आणून टाकलेली, रंगारी बोलावलेले. सकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, लागतंय नि पडतंय, लागतंय नि पडतंय. मी काय करू गो?" मी तुमच्यासारखंच सगळं विचारलं. रंगकामाच्या शेडमध्ये त्याच लाइनीवरचा दुसरा फोन होता आणि त्याचा खटका धुळीने भरलेला, त्यानेच लाइन तुटत असणार. मी म्हटलं, तो काढून ठेवा, इकडची पिन पुसून घ्या, आणि लावा. "म्हणा बघू परत," असंही म्हटलं. काकांनी म्हणून दाखवलं. मग मी म्हटलं, "लागलं तर फोन करू नका." त्यांनी फोन ठेवला.

आणि फोन आला नाही. मी दिव्यांकडे बघत बसले. एक दिवा लागला होता, पण तो काकांचा की आणखी कुणाचा, कसं कळणार? रोह्याला फोन करावा तर तुम्ही कंपनीत एका साहेबांकडे गेलेले, आणि आई त्या पडद्याकडे बघायलाही तयार नसे. माझ्या डोळ्यांसमोर ते धुळीतले काका, ती माती, ते रंगारी. शेवटी मला राहवेना. मी त्यांचा नंबर फिरवला. रिंग गेली. इंटरनेट लागलं असतं तर लाइन गुंतलेली लागली असती, रिंग जाते आहे म्हणजे लागलेलं नाही, असा मी हिशोब केला. कोणी उचललं नाही, तेव्हा काका शेडमध्ये गेले असतील असं समजून थोड्या वेळाने परत केला. मग आणखी एकदा. काकांनी गिऱ्हाइकाचा एकही फोन चुकू नये म्हणून लाइनीवर कॉल वेटिंग घेऊन ठेवलं होतं आणि त्यात गुंतलेल्या लाइनीवरही रिंग जाते, हे मला कुठून माहीत असणार? त्यांचं व्यवस्थित लागलेलं होतं. फोटो निम्मेशिम्मे जायचे, तेवढ्यात माझा फोन मधे शिरायचा, आणि सगळं तुटून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

उन्हं कलायला लागली तेव्हा काकांचाच फोन आला. "पोरी, माझं लागलंय गो! पण कोण तरी मेला मधी मधी फोन करतंय. फोटो जायला लागले की टुक करून तुटतंय. तुझ्या लाइनीत कोण शिरलंय का बघ जरा!" मी म्हटलं, "काका, तो मेला मीच."  मग काका म्हणाले, "व्हय? बरं. मंग आता एक काम कर. तू खाली जाऊन बस." मी खरंच खाली जाऊन बसले. पापडवाल्या काकूंनी मला एक लाटणं दिलं. माझे पापड इतके वाकडे झाले की त्यांनी ते नंतर गुपचूप मोडून परत लाटले. अंधार पडायच्या आत काका स्वतः सायकलवरून आले, रस्त्यातूनच ओरडले, "गेले गो फोटो! सगळे गेले!" आणि तसेच माघारी वळले. मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की लाजेचं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्या पॅसेंजरने पेणला हजर. काकांनी तुम्हाला फोन करून सगळं सांगितलं होतं. जिना चढून आलात, चपला काढल्यात, पाणीसुद्धा न पिता सुरू केलंत. "चालू असलेल्या माणसाला फोन करून विचारायचं, चालू हाय का म्हणून? अगो, तू विचारलंस म्हणून बंद पडलं त्याचं!" मी म्हटलं, "मला काळजी वाटली." तुम्ही म्हणालात, "वाटणारच. वाटू दे. काळजी वाटली की चहा पी, खाली जाऊन पापड लाट, पण फोनला हात लावायचा नाय. त्याला गरज असेल तर तो करील." खालच्या बायकांचं लाटणं थांबलं होतं, त्या सगळं ऐकत होत्या, आणि मी लग्न झालेली, चारचौघांत वावरणारी बाई तुमच्यासमोर शाळेतल्या मुलीसारखी उभी. मला तुमचा इतका राग आला होता की तुम्ही पिशवी उघडलीत तिकडे मी बघितलंही नाही. पिशवीतून आधी आईने दिलेले मोडाचे वाल निघाले. मग हा मॉडेम निघाला.

तुम्ही तो शेवटच्या लाइनीला जोडलात. पाठीमागच्या बारीक खटक्यांपैकी एक नखाने खाली केलात आणि म्हणालात, "आता ह्याला कॉम्प्युटर नसला तरी चालेल. घंटा वाजली की हा उचलणार." मला वाटलं, घरी असतानाही लाइनी जिवंत आहेत का ते बघता यावं म्हणून तुम्ही ही सोय करता आहात. तेही होतंच. पण निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "अगदीच राहवलं नाय तर ह्याला फोन करत जा. ह्याचं काय तुटत नाय." एवढं बोलून तुम्ही जिना उतरलात. तुमच्या आयुष्यात तुम्ही मला पुष्कळ वस्तू आणून दिल्यात, दिवाळीच्या साड्या दिल्यात, पण ज्याला भेट म्हणावं असं तुम्ही दिलेलं मला हेच वाटतं.

पुढे तो नियम आपल्या घराचाच झाला. मी तुम्हाला फोन करायचे तो लाइनींच्या कामासाठी, तुम्हीही तसाच. कशी आहेस, बरे आहात ना, हे आपण कधी विचारलंच नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं चालू आहे, हे दोघांनी धरून ठेवलेलं. आणि मग एका पावसाळ्यात तुमचा काही दिवस फोन आला नाही. पेणच्या लाइनी छान चालल्या होत्या, मलाही काही विचारायचं नव्हतं. एका सकाळी आईचा फोन आला, तोही शेजाऱ्यांच्या घरून. आवाज अगदी बारीक. "तू ये गो. ह्यांना धाप लागते, झोपता येत नाय. मला तुला फोन करू देत नायत. म्हणतात, तिचं काम तुटेल." मी खोलीला कुलूप लावलं आणि मिळाली ती गाडी धरून रोह्याला आले. वाटेत नागोठण्यापर्यंत मी रडले आणि तिथून पुढे नुसती चिडत गेले. तुम्ही कॉटवर उशांना टेकून बसला होतात. मला बघून तुमचं पहिलं वाक्य काय होतं, आठवतं? "पेणच्या लाइनी कोण बघतंय?"

मी तेव्हा तुमच्यावर ओरडले होते. आजारी माणसावर ओरडले, आई मला गप्प करत होती तरी ओरडले, आणि मला त्याचा पश्चात्ताप वगैरे अजिबात नाही. "एक फोन करता आला नाय तुम्हाला? एक?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "केला असता तर तू धावत आली असतीस." मी म्हटलं, "आलेच ना!" तुम्ही हसलात, हसताना तुम्हाला खोकला आला, आणि मी पाठ चोळत बसले. त्यानंतर तुम्ही थोडेच दिवस होतात. मी रोह्यालाच राहिले, बोळातला काळा फोन मीच उचलत होते, तुम्ही आतून ऐकत होतात. एकदा मी कुणाला तरी "म्हणा बघू परत" म्हटलं, तर आतून तुमचा आवाज आला, "हळू. घाबरेल तो." ते दिवस वाईट होते आणि चांगलेही होते. पण अप्पा, ते आणखी असते. आईने तो फोन जेव्हा केला त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही केला असतात, तर माझ्या वाट्याला आणखी एक आठवडा आला असता. ह्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तो जावा असंही मला वाटत नाही, त्यातही तुम्ही आहातच.

तुम्ही गेलात आणि मागोमाग ब्रॉडबँड आलं. आपली गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. मी आता पेणमधल्याच एका केबल इंटरनेटच्या ऑफिसात तक्रारी बघते. काम तेच, तारा काचेच्या. आता बोलता बोलता करून बघता येतं, माणसाची लाइन आपल्या फोनने तुटत नाही. तेव्हा मी काय करते सांगू? मी प्रत्येकाला परत फोन करते. दुपारी ज्याचं दुरुस्त झालं त्याला संध्याकाळी विचारते, चालू आहे ना, परत काही त्रास नाही ना. ऑफिसातल्या मुली मला हसतात. खांब गावाजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंनी तर मला सुनावलं, "अगो, बंद पडलं तर सांगीन ना मी! जेवू दे जरा." मी त्यांना म्हटलं, जेवा निवांत, मी परवा करीन. आणि केला. तुम्ही असतात तर मला पुन्हा जिन्यातच उभं करून झापलं असतंत, आणि मी ते ऐकून घेऊन पुन्हा फोन केला असता.

टेलिफोनवाल्याला मी दुपारी सांगून टाकलं, की नंबर ठेवते, फायबरवर दे. सोमवारी तिथे साधा फोन बसेल. त्या नंबरवर कुणी फोन केलाच तर माणूस उचलेल, बहुधा मीच. मॉडेम स्टुलावर असाच राहील, त्याचे दिवे मात्र मी बंद करीन, उगाच लागलेले दिवे तुम्हालाही खपत नसत. तुमच्या जावयांनाही ते सांगितलं. नंतर बघितलं तर ते स्वतःच त्या डब्यावरची धूळ पुसत होते.

एक राहिलं. लाइन तपासायला म्हणून मी ह्या मॉडेमला फोन करते असं घरात सगळे समजतात, आणि इतकी वर्षं मी ते समजू दिलं. कुठली लाइन आणि कसलं तपासणं. मुलीच्या परीक्षेला केला, आई गेली तेव्हा केला, ह्यांची शिफ्ट संपून गाडी वेळेवर आली नाही की अजून करते. तो उचलतो, आधी लांब शीळ घालतो, मग खरखर करत पलीकडे कोणी आहे का ते शोधायला लागतो, आणि मी दरवेळी मधेच फोन ठेवते, कारण त्याचं ते शोधणं मला ऐकवत नाही. आज नाही ठेवला. आत्ता, हे लिहायच्या आधी, मोबाईल कानाला लावून बसले आणि त्याला शोधू दिलं. त्याने बराच वेळ शोधलं. मग थकून त्यानेच फोन ठेवला. मी वाट बघितली. परत फोन आला नाही. तुमच्या नियमाप्रमाणे त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे, तरी मोबाईल अजून हातातून खाली ठेवलेला नाही.